पदाधिकाऱ्याची निवड आणि विनय : काय राखावे, काय सांगावे

विहार समितीचा अध्यक्ष निवडावयाचा असो, विहाराला जोडलेल्या ग्रंथालयासाठी वा वसतिगृहासाठी प्रमुख नेमावयाचा असो, एक प्रश्न आपल्याकडे हमखास उपस्थित होतो. ज्यांचे नाव पुढे आले आहे त्यांच्याविषयी समाजातील लोकांना विचारावे काय? आणि विचारल्यावर लोक जे सांगतील ते कोणाकोणाला कळावे? एक पक्ष म्हणतो, संस्था समाजाची, वर्गणी समाजाची, तेव्हा जे व्हावयाचे ते भर सभेत व्हावे. दुसरा पक्ष म्हणतो, हा माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे. निवड समितीने काय ते दाराआड ठरवावे आणि सभेला नाव तेवढे सांगावे. दोन्ही पक्ष आपल्या समर्थनार्थ भगवान बुद्धांच्या भिक्खुसंघाचा दाखला देतात. पहिला पक्ष संघातील खुल्या ठरावाकडे बोट दाखवतो, दुसरा गुप्त शलाकेकडे. प्रस्तुत लेखात आम्ही विनयपिटकात या संबंधी प्रत्यक्ष काय आहे ते पाहणार आहोत, कारण आमच्या मते दोन्ही दाखले अर्धवट दिले जातात.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. संघात पदाधिकारी मतपेटीने निवडले जात, असे आपल्या व्याख्यानांतून अनेकदा सांगितले जाते. तसे नाही. शलाका वाटून मत घेण्याची रीत चुल्लवग्गात आहे खरी, परंतु ती येभुय्यसिका म्हणून, म्हणजे धम्म काय आणि विनय काय याविषयी वाद उत्पन्न झाला व अन्य मार्गाने तो मिटला नाही तर बहुमताने मिटविण्याचा उपाय म्हणून आहे. शयनासनाची व्यवस्था पाहणारा, भोजनाची निमंत्रणे वाटणारा भत्तुद्देसक, भांडार सांभाळणारा भंडागारिक, चीवर स्वीकारणारा, आणि शलाका वाटणारा स्वतः, हे सर्व ञत्तिदुतियकम्माने नेमले जात. याचा अर्थ असा की जाणत्या व समर्थ भिक्खूने संघापुढे प्रथम ञत्ती मांडावयाची, नंतर तोच प्रस्ताव एकवार ऐकवावयाचा. ज्यांना तो मान्य असेल त्यांनी मौन धरावे, ज्यांना मान्य नसेल त्यांनी बोलावे. मौन राहिले तर नियुक्ती झाली.

या विधीतील पहिली पायरी मात्र बहुधा वगळली जाते. संघापुढे नाव मांडण्यापूर्वी त्या भिक्खूला विचारावयाचे असते. त्याची तयारी नसेल तर ञत्तीच मांडावयाची नाही. ही विचारपूस कोठे करावी, कोणी करावी, याविषयी विनय मौन आहे. पण ती ञत्ती मांडण्यापूर्वी होते हे नक्की. म्हणजे ज्या विधीचा खुलेपणाचा नमुना म्हणून गौरव होतो, त्याच्याही आरंभी एक खासगी संभाषण आहे.

नियुक्तीसाठी पात्रता कोणती? सर्वच पदांसाठी पाच गोष्टी सांगितल्या आहेत. छंद म्हणजे आवड, दोस म्हणजे द्वेष, मोह आणि भय या चार वाटांनी जो जात नाही तो. आणि पाचवी, त्या त्या कामाचे ज्ञान. भांडार सांभाळणाऱ्याला काय सुरक्षित आहे व काय नाही हे कळले पाहिजे, शलाका वाटणाऱ्याला कोणी घेतली व कोणी नाही हे कळले पाहिजे. पाचवीचा पुरावा दस्तऐवजातून मिळू शकतो. पहिल्या चार गोष्टी प्रमाणपत्रावर लिहिलेल्या नसतात. माणूस नातेवाइकांना झुकते माप देतो काय, दबावाखाली सही करतो काय, हे त्याच्यासोबत काम केलेल्यांनाच ठाऊक असते. तेव्हा या चार अगतींची कसोटी लावावयाची तर समाजाला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि ज्यांना विचारावयाचे त्यांना निर्भयपणे बोलता येईल अशी जागा दिल्याशिवायही नाही.

अशी जागा कशी द्यावी याचा उत्कृष्ट नमुना पदनियुक्तीत नसून उपसंपदेच्या विधीत आहे. महावग्गात आलेला प्रसंग असा. उपसंपदा घेऊ इच्छिणाऱ्यास अंतरायिक धम्म, म्हणजे अडथळा ठरणाऱ्या बाबी विचारावयाच्या असतात. कुष्ठ, गंड, क्षय, अपस्मार यांसारखा रोग आहे काय, ऋण आहे काय, राजसेवेत आहेस काय, मातापित्यांची अनुमती आहे काय, वीस वर्षे पूर्ण झाली काय, असे ते प्रश्न. भर संघात हे विचारले जाऊ लागले तेव्हा उमेदवार लाजून गोंधळून जात, त्यांना उत्तरेच देता येत नसत. तेव्हा तथागतांनी प्रथम समजावून सांगून नंतर विचारण्याची अनुज्ञा दिली. भिक्खूंनी ते समजावणेही संघाच्या मधोमधच केले. उमेदवार पुन्हा तसेच गोंधळले. तेव्हा नियम झाला की एका बाजूला नेऊन समजवावे आणि मग संघात विचारावे. समजावणारा आणि उमेदवार दोघे बरोबर परतत, तेही थांबविण्यात आले. समजावणाऱ्याने आधी येऊन संघाला कळवावयाचे आणि मग उमेदवारास बोलवावयाचे.

वाचकांनी येथे नेमके काय घडले ते ध्यानात घ्यावे. बाजूला नेणे ही सवलत माणसाला सत्य बोलता यावे म्हणून आहे. बाजूला झालेल्या संभाषणाच्या बळावर कोणाला नाकारले किंवा स्वीकारले जात नाही. तेच प्रश्न संघापुढे पुन्हा विचारले जातात आणि निर्णय तेथेच होतो. एकांत ही तयारीची जागा आहे, निवाड्याची नाही.

आता दब्ब मल्लपुत्ताची कथा पाहू. पदाधिकारी, लोकमत आणि निंदा या तिन्हींचा संबंध विनयात दुसऱ्या कोठेही इतक्या स्पष्टपणे आलेला नाही.

दब्ब सातव्या वर्षी अर्हत झाले होते. स्वतःचे कार्य संपले, आता संघाची कोणती सेवा करावी, असा विचार करून शयनासनाची व भोजनाची व्यवस्था आपण पाहावी असे त्यांच्या मनात आले. त्यांनी ते भगवंतांना सांगितले, भगवंतांनी संमती दिली, आणि तरीही संघाला सांगितले की आधी दब्बाला विचारा आणि मग विधिपूर्वक नेमणूक करा. ज्यांनी स्वतः होऊन काम मागितले त्यांनाच पुन्हा विचारण्याची ही आज्ञा आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. दब्बाचे काम चोख होते. सुत्त पाठ करणारे एकत्र, विनयधर एकत्र, ध्यान करणारे एकत्र, अशी ते निवासाची सोय लावीत. रात्री उशिरा येणाऱ्यांना ते आपल्या प्रज्वलित बोटाच्या प्रकाशात निवास दाखवीत असेही वर्णन आहे. ते वाचकांनी आपापल्या रीतीने घ्यावे.

मेत्तिय-भुम्मजक नावाचे भिक्खू नव्याने प्रव्रजित व अल्पपुण्य होते. त्यांच्या वाट्याला संघातील हलके निवास आणि हलके भोजन येई. कल्याणभत्तिक नावाचा एक गृहपती संघाला उत्तम भोजन देत असे. दुसऱ्या दिवशी कोणाची पाळी आहे असे त्याने दब्बाला विचारले, तेव्हा मेत्तिय-भुम्मजकांची असे उत्तर मिळाले. गृहपती नाराज झाला व त्याने घरातील दासीला सांगून त्यांना देवडीवर बसवून कण्यांचा भात आणि आंबील वाढविली. गृहपतीची ही नाराजी त्याची स्वतःची होती. भिक्खूंनी मात्र ती दब्बाची कारवाई समजून घेतली. पुढे त्यांनी मेत्तिया नावाच्या भिक्खुणीला हाताशी धरले आणि दब्बाने आपल्याशी दुराचार केला असे तिच्याकडून भगवंतांपुढे सांगविले.

येथे काय केले गेले? भगवंतांनी संघ एकत्र केला आणि दब्बाला समक्ष विचारले. भगवान मला जाणतात, असे उत्तर दब्बाने दिले तेव्हा ते स्वीकारले नाही. केले असेल तर केले म्हणावे, केले नसेल तर केले नाही म्हणावे, अशी स्पष्ट भाषा मागितली. दब्बाने आपण स्वप्नातही तसे केल्याचे स्मरत नाही असे सांगितले. मग त्या भिक्खूंची चौकशी झाली, त्यांनी कबुली दिली आणि निराधार आरोपाविषयीचा संघादिसेस नियम घातला गेला. दब्बाला संघाने सतिविनय दिला, म्हणजे त्याच्या निर्दोष स्मृतीला संघाची मान्यता दिली. मेत्तिया भिक्खुणीला मात्र संघातून काढले गेले. तिच्यामागचे भिक्खू स्वतः सांगत होते की तिला आम्हीच प्रवृत्त केले. हा भाग सिंहलद्वीपातील प्राचीन आचार्यांनाही खटकला होता. तिला कोणत्या आधारे काढले यावर तेथील दोन विहारपरंपरांत वाद झाला असे अट्ठकथा सांगते. आमचेही मन येथे अडते. दुसऱ्यांनी पढविलेली व्यक्ती सर्वाधिक किंमत मोजते, हे आजच्या संस्थांतही घडते, आणि बहुधा ती व्यक्ती स्त्री असते.

या प्रसंगाचे महत्त्व आम्हांला आमच्याच चुकीने कळले. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या प्रमुखपदासाठी नेमलेल्या तीन जणांच्या निवड समितीत आम्ही होतो. एका निवृत्त शिक्षकांचे नाव पुढे होते. समितीतील एका सदस्याला कोणी खासगीत सांगितले की जुन्या बांधकाम निधीच्या पावत्यांचा मेळ लागत नाही. सांगणाऱ्याचे नाव उघड होऊ नये म्हणून आम्ही काहीच विचारपूस केली नाही. ते नाव वगळले, दुसरे जाहीर केले आणि कारण विचारणाऱ्यांना बाब गोपनीय आहे असे उत्तर दिले. महिनाभरात वस्तीत बोलले जाऊ लागले की सरांनी निधी खाल्ला. आमचे मौन हाच त्याचा पुरावा झाला. ते रविवारच्या वंदनेला येईनासे झाले. वर्षावासातील ग्रंथवाचनाला त्यांच्या पत्नी नेमाने येत, त्याही थांबल्या. वस्तुस्थिती एवढीच होती की दोन पावतीपुस्तके हिशेबनिसाकडे वेळेवर गेली नव्हती. फार उशिरा आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि चूक कबूल केली. ते म्हणाले, "सर, तुम्ही मला एकदा विचारायचं होतं. पुस्तकं घरातच होती."

दब्बाला विचारले गेले होते. एवढा फरक होता.

याच दब्बाच्या संबंधात पाचित्तियाचा तेरावा नियम आला आहे. ते आपल्या आवडीनिवडीप्रमाणे वाटप करतात अशी निंदा मेत्तिय-भुम्मजक भिक्खू इतरांपाशी करीत. ती निषिद्ध झाल्यावर त्यांनी दुसरी युक्ती काढली. थेट कोणापाशी न बोलता, जवळच्या भिक्खूंना ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटावयाचे. मग तेही नियमात आले. पहिल्याला उज्झापनक म्हणतात, दुसऱ्याला खीयनक. (मोबाईलवरील गटांत नाव न घेता टाकलेले संदेश पाहिले की आम्हांला या दुसऱ्या शब्दाची आठवण होते.) हा नियम वाचून काही जण असा निष्कर्ष काढतात की संघाने नेमलेल्या पदाधिकाऱ्यावर टीका करणे धम्माविरुद्ध आहे. त्यांनी नियमाखालील अनापत्तीचा भाग वाचलेला नसतो. पदाधिकारी खरोखरच छंद, दोस, मोह वा भय यांच्या आहारी जाऊन वागत असेल तर तसे बोलणाऱ्याला दोष नाही, असे तेथे स्वच्छ म्हटले आहे. ज्या चार अगती पात्रतेच्या कसोटीत आहेत त्याच टीकेच्या कसोटीत आहेत. म्हणजे नियुक्तीच्या वेळी समाजाला जे विचारण्याचा अधिकार होता, तो नियुक्तीनंतरही संपत नाही.

गोपनीयतेची मर्यादा कोठे आखावी यासाठी पाचित्तियातील आणखी दोन नियम शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत; आमच्या मते या विषयाचा गाभा तेथे आहे. नवव्या नियमानुसार एखाद्या भिक्खूचा गंभीर दोष, दुट्ठुल्ल आपत्ती, अनुपसंपन्न व्यक्तीला सांगणे हा अपराध आहे. याचा प्रसंग असा की उपनंद हा संघादिसेसाचे प्रायश्चित्त भोगत पंगतीच्या टोकाला बसला होता. त्याच्याशी भांडण असलेल्या षड्वर्गीय भिक्खूंनी ही गोष्ट उपासकांना सांगितली. हेतू सुधारणेचा नव्हता, अपमानाचा होता. उलट चौसष्टाव्या नियमानुसार दुसऱ्याचा गंभीर दोष ठाऊक असून तो लपविणे हाही अपराध आहे. सांगणे दोष आणि लपविणेही दोष! पण विरोध वरवरचा आहे. पहिला नियम बाहेर सांगण्याविषयी आहे, दुसरा ज्यांना त्यावर कृती करण्याचा अधिकार आहे त्यांच्यापासून लपविण्याविषयी. आमच्या समितीने नेमके उलटे केले होते. जेथे विचारावयाचे तेथे विचारले नाही आणि आपल्या मौनाने बाहेर सगळ्यांना सांगितले.

दोन्ही नियमांना अपवाद आहेत आणि ते फार विचारपूर्वक घातले आहेत. नवव्या नियमात भिक्खुसंमुती असेल तर बाहेर सांगता येते. ही संमती नेहमीच सरसकट नसते. विभंगात तिचे प्रकार दिले आहेत. कधी कोणते दोष सांगावयाचे याची मर्यादा घातलेली असते, कधी कोणत्या कुलांना सांगावयाचे याची, कधी दोहोंची. याहून अधिक सांगितले तर पुन्हा दोष. चौसष्टाव्या नियमात, सांगितल्याने संघात कलह वा भेद होईल, किंवा दोषी भिक्खू उग्र स्वभावाचा असून सांगणाऱ्याच्या जिवाला वा ब्रह्मचर्याला धोका करील, असे वाटून जो सांगत नाही त्याला दोष नाही. योग्य भिक्खू भेटत नाही म्हणून जो थांबतो त्यालाही नाही. सांगणाऱ्याच्या भयाची दखल सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेने घेतलेली आहे. आपल्या संस्थांच्या घटनांत तशी तरतूद आम्हांला क्वचितच दिसली.

आता शलाकेकडे वळू. चुल्लवग्गात शलाकाग्रहणाचे तीन प्रकार आहेत. गुळ्हक म्हणजे गुप्त. वेगवेगळ्या रंगांच्या शलाका द्यावयाच्या व कोणती घेतली ते कोणाला दाखवू नये असे सांगावयाचे. सकण्णजप्पक म्हणजे प्रत्येकाच्या कानात सांगून. विवटक म्हणजे उघड. अट्ठकथेच्या मते निर्लज्जांचा भरणा असलेल्या परिषदेत गुप्त, लज्जाशीलांच्या परिषदेत उघड आणि अज्ञांच्या परिषदेत कानात सांगून. येथपर्यंत सर्व आकर्षक वाटते. पण पुढचा भाग आपली व्याख्याने सहसा सांगत नाहीत. शलाका मोजल्यावर अधम्मवादी अधिक आहेत असे आढळले तर ग्रहण नीट झाले नाही म्हणून ते मागे घ्यावे आणि धम्मवादी अधिक असतील तर योग्य झाले असे जाहीर करावे, अशी मोजणाऱ्यास आज्ञा आहे.

आधुनिक निवडणुकीच्या मापाने पाहिले तर ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे, आणि ती झाकून ठेवण्यात विद्वत्ता नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत भाषण करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खुसंघाला संसदीय कार्यपद्धतीचे नियम ठाऊक होते हे सांगून प्रस्ताव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान यांचा उल्लेख केला होता आणि हे नियम तत्कालीन राजकीय सभांवरून घेतले गेले असावेत असेही म्हटले होते. ते यथार्थच आहे; पद्धती संघाला ज्ञात होती. आम्ही एवढेच जोडू इच्छितो की शलाकेने जो प्रश्न सोडवावयाचा तो धम्म कोणता हा होता, आणि बहुमताने अधम्माचा धम्म होत नाही ही त्यामागची भूमिका होती. विहाराचा अध्यक्ष कोण असावा हा तसा प्रश्न नाही. तेथे मोजणाऱ्याने आपल्याला न पटलेला निकाल मागे घेतला तर ती सरळ लबाडी होय. म्हणून या प्रकरणातून आपण गुप्ततेचे तंत्र घ्यावे, मोजणाऱ्याचा तो अधिकार घेऊ नये. त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती ही अधःपतनाकडे नेते असा इशारा दिला होता. थोर माणसाला मोजणीचा आणि निकालाचा असा दुहेरी अधिकार सोपविणे ही त्या भक्तीचीच एक जात आहे.

मत कोणाचे गुप्त असावे आणि कोणाचे उघड, याचा विवेक आपल्या देशाच्या कायद्यातही दिसतो. लोकसभेला आणि विधानसभेला मतदान करणाऱ्या नागरिकाचे मत गुप्त असते. राज्यसभेच्या निवडणुकीत मात्र २००३ च्या दुरुस्तीने मतदान खुले झाले. आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कुलदीप नय्यर खटल्यात ही दुरुस्ती वैध ठरविली. त्या दुरुस्तीच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतात. पण त्यातून एक उपयुक्त भेद हाती येतो. जो स्वतःपुरते मत देतो त्याला दबावापासून संरक्षण हवे. जो दुसऱ्यांच्या वतीने मत देतो त्याला जबाब द्यावा लागतो. आपल्याकडे बहुधा उलट घडते. सामान्य सभासद हात वर करून मत देतो, शेजारी कोण पाहतो आहे याचे भान ठेवून. आणि निवड समितीचे तीन-चार जण, जे सर्वांच्या वतीने निवड करतात, ते बंद खोलीत बसतात.

उपासकांच्या मताला संघात स्थान होते काय, असा प्रश्न येथे साहजिक येतो. होते, आणि ते दोन्ही बाजूंनी नियमबद्ध होते. अनियत नियमांचा उगम विशाखेच्या तक्रारीत आहे. उदायी एका स्त्रीबरोबर एकांतात बसलेला तिने पाहिला. तिने आधी त्यालाच सांगितले की हे अनुचित आहे. त्याने दुर्लक्ष केले तेव्हा तिने भिक्खूंना सांगितले. विश्वसनीय उपासिकेच्या सांगण्यावरून चौकशी होऊ शकते हे तेथे ठरले. कौशांबीचे भिक्खू भगवंतांचेही न ऐकता भांडत राहिले तेव्हा तेथील उपासकांनी त्यांना वंदन करणे व भिक्षा देणे थांबविले. तेव्हा कोठे ते श्रावस्तीला निघाले. उलट वड्ढ लिच्छवीने, त्याच मेत्तिय-भुम्मजकांच्या सांगण्यावरून, दब्बावर आपल्या पत्नीसंबंधी खोटा आरोप केला, तेव्हा संघाने त्याच्यापुरते पात्र पालथे केले, म्हणजे त्याच्याकडून दान घेणे बंद केले. आनंदाने स्वतः जाऊन त्याला हे कळविले. त्याने चूक कबूल केल्यावर पात्र पुन्हा सुलटे झाले. आरोप करणाऱ्याला शिक्षा, पण परतीचा दरवाजा उघडा.

काही गोष्टी समाजापासून झाकून ठेवता येतच नाहीत, याचे उदाहरण देवदत्त. त्याने राजगृहात संघाचे नेतृत्व स्वतःकडे मागितले आणि भगवंतांनी ते नाकारले. सारिपुत्त-मोग्गल्लानांनाही आपण संघ सोपविणार नाही असे सांगितले. त्यानंतर पकासनीय कम्म झाले. देवदत्त यापुढे जे करील ते बुद्ध, धम्म वा संघाचे मानू नये, ते देवदत्ताचेच मानावे, असे राजगृहात जाहीर करण्याचे ठरले. हे काम सारिपुत्ताकडे आले. त्यांना संकोच वाटला, कारण पूर्वी याच नगरात त्यांनी देवदत्ताची स्तुती केली होती. ती स्तुती तेव्हा खरी होती, ही घोषणाही आता खरीच आहे, असे त्यांना सांगितले गेले. नगरात दोन प्रतिक्रिया उमटल्या. काहींना वाटले श्रमण देवदत्ताच्या लाभसत्काराचा मत्सर करतात. समंजसांनी म्हटले की ज्या अर्थी भगवंतांनी जाहीर करविले त्या अर्थी ही गोष्ट साधी नसणार. जाहीर केल्याने सर्वांचे समाधान होत नाही, हे विनयाने लपविलेले नाही. आणि घोषणा मर्यादित होती हेही पाहावे. देवदत्ताच्या दोषांची यादी नगरात वाचली गेली नाही. त्याच्या कृतीची जबाबदारी संघाची नाही एवढेच सांगितले गेले.

हे सर्व आजच्या विहार समितीला लावावयाचे तर आम्ही पुढीलप्रमाणे करू. पदासाठी कोणते गुण हवेत हे नावे येण्यापूर्वीच सभेत ठरवून फलकावर लावू. ज्यांचे नाव पुढे येईल त्यांची तयारी खासगीत विचारू, आणि नकार देणाऱ्याचे नाव कधीच उघड करणार नाही; नकारात लाज नाही. नावे जाहीर झाल्यावर ठरावीक दिवस ठेवून, ज्यांना काही सांगावयाचे असेल त्यांना एकेकटे बोलावू. बोलणाऱ्याचे नाव समितीबाहेर जाणार नाही हे वचन देऊ. मात्र आशय उमेदवाराला कळवला जाईल हेही त्याच वेळी सांगू. आशयावरून सांगणारा ओळखू येण्याचा धोका असेल तर तो काय व कितपत सांगावा हे त्याच्याशीच बोलून ठरवू. महिलांचे म्हणणे ऐकण्यासाठी समितीत महिला सदस्य असतीलच. निनावी पत्रावरून कोणाला वगळणार नाही. पण त्यात तपासता येण्याजोगी बाब असेल, उदाहरणार्थ पावतीपुस्तक, तर तपासू. उमेदवाराचे उत्तर ऐकल्याखेरीज कोणतीही प्रतिकूल गोष्ट निर्णयात धरणार नाही. सभेपुढे समितीने ठरलेल्या गुणांच्या आधारे आपली कारणे स्वतःच्या नावानिशी मांडावीत; न निवडलेल्यांविषयी काही बोलू नये, पण त्यांच्यावर कोणताही आरोप सिद्ध झालेला नाही हे एक वाक्य इतिवृत्तात अवश्य नोंदवावे.

मौनाला संमती मानण्याची संघाची रीत मात्र आम्ही जशीच्या तशी घेणार नाही. संघात प्रत्येकाला बोलण्याचा समान अधिकार होता, आजारी भिक्खूलाही आपला छंद दुसऱ्याकरवी पाठवता येत असे, आणि संमती देऊन मागाहून कुरकुर करणे हा दोष होता. आपल्या सभेत माणूस गप्प बसतो तो अनेकदा घरभाड्याच्या, नात्याच्या किंवा नोकरीच्या भयाने. तेथे चिठ्ठीने मत घेणेच बरे. आणि ज्यांना आक्षेप घ्यावयाचा आहे त्यांना सभेतच तो घेता आला पाहिजे, कारण नोंदणीकृत विश्वस्त संस्थेत बदल झाला की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो, आणि विहारात न ऐकलेला आक्षेप तेथे वकिलामार्फत उभा राहतो. मग तारखा पडत राहतात, बँकेत सही कोणाची चालावी हे ठरत नाही, आणि वसतिगृहातील मुलांच्या धान्याचे बिल थकते.